बाळाचे डीबी बूट घरी नेण्याआधी एकदा नीट वाचा

नमस्कार. तुमच्या बाळाची प्लास्टरं संपत आलीत किंवा कालच शेवटचं निघालंय आणि डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवलंय, म्हणून हा कागद तुमच्या हातात आहे. आमचं मिरजेत छोटं वर्कशॉप आहे, कॅलिपर, कमरेचे पट्टे, स्प्लिंट आणि लहान मुलांचे डीबी बूट (जन्मतः वळलेला पाय सरळ झाल्यावर तसाच राहावा म्हणून घालायचे, मधल्या पट्टीने जोडलेले दोन बूट) आम्ही बनवतो, सहा जण आहोत, त्यातले दोघं फक्त चामडं आणि शिलाई बघतात. बूट बनवणं आमचं काम पण रोज रात्री ते बाळाच्या पायात घालणं तुमचं, आणि पाय सरळ राहणार का परत आत वळणार हे खूपसं त्या घालण्यावरच ठरतं. हे आम्ही धंद्यापायी सांगत नाही, यावर मोठं संशोधन झालेलं आहे, ते इंग्रजीत आहे आणि डॉक्टरांना ओपीडीच्या गर्दीत सगळं सांगायला वेळ मिळत नाही, म्हणून आम्ही आपल्या भाषेत लिहून काढलंय.

आधी एक गोष्ट, जी आम्हाला सगळ्यात आधी सांगावीशी वाटते. बाळाचा पाय जन्मतः आत आणि खाली वळलेला असणं, ज्याला डॉक्टर क्लबफूट किंवा सीटीईव्ही म्हणतात, हे हजार बाळांमागे साधारण एखाद्या बाळात असतंच, जगभर असतं, मुलींपेक्षा मुलांमध्ये जवळपास दुप्पट आणि अंदाजे निम्म्या बाळांचे दोन्ही पाय तसे असतात. आईने ग्रहणात काही चिरलं, सुई हातात घेतली, पाय दुमडून झोपली, यातलं काहीही कारण नाही. आमच्या दुकानात, आमच्यासमोर, दीड महिन्याचं बाळ मांडीवर घेतलेल्या आईला घरातल्याच माणसांनी हे ऐकवलेलं आम्ही पाहिलंय आणि त्या ताईंची मान खाली गेलेली अजून डोळ्यासमोरून जात नाही. काही घराण्यांमध्ये पाय घडवणाऱ्या जीन्समध्ये बदल सापडलेत, बाकी बहुतेक मुलांमध्ये एक असं ठराविक कारण सापडत नाही, पण घरात सांगतात तसली आईची चूक हे कारण संशोधनात निघालेलं नाही. घरातल्या मोठ्या माणसांना हा एवढा परिच्छेद तरी वाचून दाखवा.

आता हे प्लास्टर, टाचेची शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरीसारखी) आणि बूट हे सगळं आलं कुठून ते सांगतो, कारण ते कळलं की बूट का घालायचे ते आपोआप कळतं.

स्पेनच्या मिनोर्का बेटावर 1914 साली इग्नासिओ पोन्सेटी यांचा जन्म झाला, वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि हा मुलगा त्यांच्या हाताखाली काम करायचा. पुढे डॉक्टर झाले, स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची हाडं बसवली, देश सोडावा लागला, मेक्सिकोत राहिले आणि 1941 ला अमेरिकेत आयोवाच्या युनिव्हर्सिटीत पोचले. तिथे त्यांनी क्लबफूटची ऑपरेशनं झालेली जुनी माणसं परत बोलावून तपासली, तर पाय दिसायला सरळ झाले होते पण कडक, अशक्त आणि दुखरे. म्हणून ते पायाच्या हाडांची जुळणी परत मुळापासून बघायला लागले. घोट्यात टॅलस नावाचं हाड असतं, बाकीचा पाय त्याच्याभोवती फिरतो, सगळे सांधे एकमेकांना बांधलेले, एक हलला की दुसरा हलणारच. त्याआधीच्या पद्धतीत पायाच्या बाहेरच्या बाजूला मधोमध दाब द्यायचे, त्याने टाच अडकून बसायची आणि महिनोन्महिने प्लास्टर करूनही पाय पूर्ण येत नसे. पोन्सेटींनी अंगठा टॅलसच्या डोक्यावर ठेवला, टाचेला हात लावला नाही, आणि पुढचा पाय हळूहळू बाहेर फिरवला की टाच आपोआप मागोमाग येते हे दाखवलं. आम्ही हाताने काम करणारी माणसं, आम्हाला यातली सगळ्यात भावणारी गोष्ट हीच की जोर कुठेच नाही, नेमकी जागा आणि हलका हात.

तान्ह्या बाळाचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडं बांधणारे पट्टे, थोडे ताणले की आठवड्याभरात त्या नव्या लांबीला सरावतात. म्हणून दर आठवड्याला नवीन प्लास्टर, मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात, अशी साधारण पाच ते सात. मग बहुतेक बाळांची टाचेची मागची शीर आखूड राहिलेली असते ती बारीक छेद देऊन मोकळी करतात, आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे, तेवढ्यात शीर लांब होऊन परत जुळते. ताई-दादा, 'शीर कापली' ऐकून घाबरू नका, ती परत येते, हे प्रत्येकवेळी आम्हाला कोणीतरी विचारतंच.

पोन्सेटींनी याचे निकाल 1963 साली छापले. पण जवळपास तीस वर्षं फार कमी डॉक्टरांनी लक्ष दिलं, सगळीकडे मोठी ऑपरेशनं चालू राहिली. 1995 ला त्यांच्याकडचीच जुनी बाळं, आता सरासरी 34 वर्षांची झालेली 45 माणसं, त्यांचे 71 पाय परत तपासले गेले, तर 78 टक्के माणसांचा निकाल उत्तम किंवा चांगला होता, आणि ज्यांना जन्मतः काहीच त्रास नव्हता अशा माणसांमध्ये तो आकडा 85 टक्के. म्हणजे जवळपास बरोबरीने. त्यानंतर आईवडिलांनी इंटरनेटवरून एकमेकांना सांगायला सुरुवात केली, ऑपरेशन करू नका आयोवाला जा म्हणून, आणि ही पद्धत जगभर पसरली त्यात त्या आईवडिलांचा मोठा वाटा आहे. 2004 साली आयोवातून 157 मुलांचा, 256 पायांचा अभ्यास आला, त्यात 98 टक्के मुलांचे पाय सरळ झाले आणि मोठं ऑपरेशन फक्त चौघांना लागलं. पोन्सेटी 2009 साली, 95 वर्षांचे होऊन गेले. त्यांचा वाढदिवस 3 जून, तो आता जगभर क्लबफूट दिवस म्हणून पाळतात.

मग बूट कशाला, पाय तर सरळ झाला?

हाच प्रश्न सगळे विचारतात आणि खरंय, प्लास्टर निघालं की पाय एवढा छान दिसतो की कोणालाही वाटेल झालं काम. पण जे वळण पायाला पोटातच लागलं ते आत तसंच असतं आणि बाळ पहिली काही वर्षं झपाट्याने वाढतं, त्या वाढीबरोबर पाय परत आत ओढला जातो. त्याच 2004 च्या अभ्यासात 17 मुलांचे पाय परत वळले, आणि त्याचा संबंध बाळाला किती उशिरा आणलं याच्याशी नव्हता, किती प्लास्टरं लागली याच्याशीही नव्हता, बूट नीट घातले नाहीत याच्याशी होता. त्याच वर्षी अमेरिकेतच 51 बाळांचा अजून एक अभ्यास आला, त्यात बूट न घालणाऱ्यांमध्ये पाय वळलेले आणि न वळलेले यांचं प्रमाण (इंग्रजीत 'ऑड्स') बूट घालणाऱ्यांच्या 183 पट निघालं. एवढा मोठा आकडा औषधाच्या अभ्यासात सहसा बघायला मिळत नाही.

त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट निघाली, आईवडिलांचं शिक्षण कमी असेल तिथे पाय परत वळायचं प्रमाण जास्त. काही जण याचा अर्थ आईवडिलांना समज नाही असा लावतात, आम्हाला ते अजिबात पटत नाही. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी माणसं येतात, पालावर राहून चार वर्षं एक रात्र न चुकता बूट घातलेली आई आम्ही पाहिली आहे, तिला कोणीतरी खाली बसून नीट समजावलं होतं इतकंच. समजावणारं कोणी नसेल तर शिकलेल्याचंही चुकतं. म्हणूनच हा कागद.

किती वेळ घालायचे

शेवटचं प्लास्टर निघालं त्याच दिवशी, दवाखान्यातून बाहेर पडायच्या आत बूट पायात पाहिजेत. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, म्हणजे आंघोळ आणि मालिश एवढीच सुट्टी. नंतर रात्रीची झोप आणि दुपारची डुलकी मिळून 12 ते 14 तास, आणि हे बाळ चार वर्षांचं होईपर्यंत, काही डॉक्टर पाचपर्यंत सांगतात, तुमचे डॉक्टर म्हणतील ते धरा. दिवसा बाळ मोकळं रांगेल, उभं राहील, चालेल, साध्या चपला घालेल. बूट घालून चालायचं नाही.

म्हणूनच हात जोडून सांगतो, शीर मोकळी करायची तारीख मिळाली की लगेच माप द्यायला या, शेवटचं प्लास्टर निघाल्यावर नको. मापं घेऊन बूट शिवायला आम्हाला दिवस लागतात आणि त्या दिवसांत पाय उघडा राहिला तर इतक्या आठवड्यांची मेहनत ढिली पडायला लागते.

बुटांचा कोन वाकडा नाहीये

दुकानात बूट दाखवले की आजोबा पहिलं हेच म्हणतात, अहो हे बाहेर वळलेत, बसवताना चुकलंय. चुकलं नाही. वळलेला पाय 60 ते 70 अंश बाहेर, चांगला पाय 30 ते 40 अंश, आणि दोन बुटांच्या मधली पट्टी बाळाच्या खांद्यांएवढी रुंद, पट्टीला थोडा बाक म्हणजे पाऊल जरा वर उचललेलं राहतं. प्लास्टर निघाल्यावरही पाय जास्तच बाहेर वळल्यासारखा दिसतो, तो मुद्दाम तसा ठेवलाय, चालायला लागल्यावर सरळ होतो. पट्टीच्या स्क्रूला हात लावून कोन कमी करू नका. कोन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो, आम्ही सुद्धा स्वतःच्या मनाने बदलत नाही. आणि दोन बूट आहेत, पट्टीशिवाय नुसते घालू का, तर नाही, पाय बाहेर धरून ठेवायचं काम ती पट्टी करते, पट्टी काढली की ते साधे बूट झाले. एकच पाय वाकडा असेल तरी दोन्ही बूट लागतात ते यामुळेच.

या पट्टीची कल्पना इंग्लंडमधल्या डेनिस ब्राऊन नावाच्या सर्जनची, 1930 च्या दशकातली, म्हणून डीबी. पुढे युगांडात स्टीनबीक यांनी गावातला चांभार आणि वेल्डर मिळून करू शकतील असा स्वस्त बूट बसवला, चामडं, सोल आणि लोखंडी सळी. आमचे बूट त्याच धर्तीचे आहेत. पुढून उघडे म्हणजे बोटं दिसतात, आणि टाचेजवळ एक भोक ठेवलंय ते शोभेचं नाही, त्यातून टाच खाली टेकली का बघायची.

घालायचं कसं

पातळ सुती मोजे, वर शिवण येणार नाही असे. ज्या पायाला जास्त त्रास तो आधी. गुडघा वाकवा, टाच मागे आणि खाली दाबून बसवा, बुटाची जीभ सरळ करा, मग सगळ्यात आधी घोट्यावरचा मधला पट्टा आवळा, तोच टाच धरून ठेवतो, नाड्या नंतर. भोकातून टाच दिसतेय का बघा. पहिल्या दिवशी आतल्या सोलवर बोटं जिथे येतात तिथे पेनने रेघ मारून ठेवा, नंतर बोटं रेघेच्या मागे गेली तर टाच वर उचललीये, परत घाला. बोटं निळसर किंवा गार पडली तर नाड्या जास्त आवळल्यात.

पहिले दोन-तीन दिवस बाळ रडणार. ते बहुतेक वेळा दुखतंय म्हणून नाही, दोन पाय वेगवेगळे मारता येत नाहीत म्हणून. पट्टी हातात धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवा, एकदम सरळ करा, गाणं म्हणत, खेळ करत, बाळाला युक्ती कळली की तेच पट्टी आपटत खेळतं. (पट्टीला सायकलच्या हँडलचा फोम नाहीतर जुनी चादर गुंडाळा, नाहीतर तुमचा गुडघा आणि भिंत दोन्ही फुटतील.) रडलं म्हणून काढलं, मग आजीने घातलं, परत रडलं परत काढलं असं झालं की बाळ शिकतं की रडलं की सुटका होते, मग पुढची चार वर्षं अवघड जातात. घरातल्या सगळ्यांचं एकमत आधी करा.

थोडं लाल होणं चालतं. पण टाचेच्या मागे फोड आला किंवा गडद लाल चट्टा आला तर त्याचा अर्थ बहुतेकवेळा बूट ढिला आहे आणि टाच आत घसरतेय, लोक उलट करतात, अजून ढिला करतात आणि फोड वाढतो. त्यावर तेल, क्रीम लावू नका, कातडी मऊ पडून अजून सोलते. फोड आला तर त्याच दिवशी फोटो पाठवा, फोन करा किंवा बाळाला घेऊन या. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका खेपेला टाचेमागची शिवण आत राहिली होती, तीन बाळांना घासलं, ज्यांनी लगेच कळवलं त्यांचे बूट आम्ही दुसऱ्या दिवशी बदलून दिले, पण एका घरी आम्हाला त्रास नको म्हणून महिनाभर सांगितलंच नाही आणि बूट कपाटात ठेवून दिले. त्या बाळाला परत प्लास्टर लागलं. चूक आमची होती. म्हणून सांगतो, संकोच करू नका.

बोटं बुटाच्या कडेवरून खाली वाकायला लागली की मोठा नंबर. पहिल्या वर्षात हे लवकर लवकर होतं. पट्टी तीच वापरता येते, खांदे रुंद झाले की आम्ही लांबी वाढवून देतो. आठवड्यातून एकदा स्क्रू हाताने तपासा.

पाय परत वळतोय हे कसं ओळखायचं तर पाऊल वर उचलत नाही, टाच बुटात बसेनाशी होते, चालताना बाहेरच्या कडेवर पाय पडतो. असं दिसलं तर आधी डॉक्टरांकडे, आमच्याकडे नंतर. लवकर गेलात तर बहुतेकदा दोन-तीन प्लास्टरांत जमतं, मोठ्या मुलाला वयाच्या अडीच वर्षांनंतर पायाची एक शीर बाहेरच्या बाजूला हलवायचं ऑपरेशन करतात, तेही पूर्वीच्या मोठ्या ऑपरेशनांपेक्षा कितीतरी लहान.

पैशांची अडचण असेल तर अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा, 2013 पासून चालू आहे आणि क्लबफूट त्याच्या यादीत आहे. आमच्याकडून बूट घेतले नाहीत तरी चालेल, बूट थांबायला नकोत.

माप द्यायला येताना डॉक्टरांची चिठ्ठी, आधीचे बूट असतील तर ते आणि दोन जोडी मोजे आणा. बाळाला दूध पाजून आणा, भुकेलं बाळ पाय ताठ करतं आणि माप चुकतं. गुरुवारी दुकान बंद, पण फोड आलाय म्हणून फोन असेल तर गुरुवारीही उचलतो.