भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील स्त्रिया

ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या लढ्यात, साधारणतः १८५७ ते १९४७ या काळात, भारतीय स्त्रियांनी केलेल्या सशस्त्र, संघटनात्मक व भूमिगत कार्याचा विचार या नोंदीत केला आहे.

१८५७च्या उठावातील झाशीची राणी लक्ष्मीबाई आणि अवधची बेगम हजरत महल यांची नावे सर्वपरिचित आहेत. लक्ष्मीबाईंचे जन्मवर्ष १८२८ की १८३५, याविषयी एकमत नाही. ग्वाल्हेरजवळच्या लढाईतील त्यांच्या मृत्यूचा दिवसही १७ किंवा १८ जून १८५८ असा दोन प्रकारे दिला जातो. समकालीन इंग्रजी कागदपत्रांचा कल १७ जूनकडे दिसतो. बंगालच्या फाळणीच्या दिवशी, १६ ऑक्टोबर १९०५ रोजी, तेथील अनेक घरांत स्त्रियांनी ‘अरंधन’ पाळले, म्हणजे चूल पेटवली नाही. २२ ऑगस्ट १९०७ रोजी मादाम भिकाजी कामा यांनी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे समाजवादी परिषदेत हिंदी राष्ट्रध्वज फडकवला. तो ध्वज पुढे पुण्यात केसरीवाड्यात आला.

लढ्यातील स्त्रियांची संख्या एकदम वाढली ती १९३०च्या सविनय कायदेभंगात, आणि नेमक्या या वाढीच्या श्रेयाविषयीच मतभेद आहेत. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीकडे निघालेल्या तुकडीत (संख्या बहुधा ७८, काही याद्यांत ती एकदोनाने अधिक भरते) एकही स्त्री नव्हती. स्त्रीहक्कांच्या कार्यकर्त्या मार्गारेट कझिन्स आणि दादाभाई नौरोजींची नात खुर्शेदबेन यांनी या वगळण्याला उघड हरकत घेतली. गांधींचे उत्तर असे होते की, हिंदू माणूस जसा गायीवर हात टाकत नाही, तसा इंग्रज शक्यतो स्त्रीवर टाकणार नाही. तेव्हा स्त्रियांना बरोबर घेणे म्हणजे त्यांच्या आडून लढणे ठरेल. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी आपल्या आठवणींत, आपण गांधींना गाठून त्यांचे मन वळवले असे सांगितले आहे. दुसऱ्या मतानुसार दारू व विदेशी कापडाच्या दुकानांवरील पिकेटिंग (निरोधन) हे खास स्त्रियांचे काम म्हणून गांधींच्या मनात आधीपासूनच होते. १० एप्रिल १९३०च्या ‘यंग इंडिया’ या त्यांच्या साप्ताहिकातील आवाहन आणि १३ एप्रिलची दांडी येथील स्त्रियांची परिषद यांचा आधार या मताला मिळतो. दोन्ही मते पूर्णपणे परस्परविरोधी नाहीत. पण घटनांचा क्रम पाहता स्त्रियांनी परवानगीची फारशी वाट पाहिली नाही, हे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. एप्रिलच्या त्याच आठवड्यात मुंबईच्या चौपाटीवर कमलादेवी व अवंतिकाबाई गोखले यांनी मिठाचा कायदा मोडला होता. मे महिन्यात गांधी आणि त्यांच्यामागून अब्बास तय्यबजी पकडले गेल्यावर गुजरातेतील धारासना येथील मिठागरावरील सत्याग्रहाची सूत्रे सरोजिनी नायडू यांच्याकडेच आली.

मुंबईत या कामाची पूर्वतयारी झालेली होती. १९२१च्या सुमाराच्या राष्ट्रीय स्त्री सभेतूनच १९३० मध्ये देशसेविका संघ उभा राहिला. केशरी साडीतल्या सेविका विदेशी कापडाच्या दुकानांच्या दारात उभ्या राहत आणि आत जाणाऱ्या गिऱ्हाइकाला हात जोडून परत फिरण्याची विनंती करत. पेरीनबेन कॅप्टन, गोशीबेन कॅप्टन, हंसा मेहता या त्यांच्या पुढारी. काँग्रेस कमिट्या बेकायदा ठरल्यावर चळवळ चालवणारा एक ‘सर्वाधिकारी’ पकडला की दुसरा नेमायचा, अशी रीत पडली. त्या पदावर स्त्रियाही आल्या आणि तुरुंगात गेल्या. या फळीतील पुढारी प्रामुख्याने सुशिक्षित, सुस्थित घरांतील होत्या, आणि कोणत्या स्त्रियांना सेविका म्हणून घ्यावे याविषयी त्या फार दक्ष असत. ही मर्यादा चळवळीच्या वरिष्ठ वर्तुळातही दिसते. १९२५ मध्ये पूर्व बंगालमधील बारिसाल येथील वेश्यांनी काँग्रेसच्या कामात भाग घेतला, तेव्हा आधी धंदा सोडा, अशी अट गांधींनी घातली होती. त्या स्त्रियांची देशसेवेची इच्छा खोटी नव्हती, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

तुरुंगात गेलेल्या स्त्रियांचा आकडा हा कळीचा प्रश्न आहे. १९३०-३१ मध्ये पकडलेल्या सुमारे ८०,००० लोकांपैकी १७,००० स्त्रिया होत्या, असे अनेक ग्रंथांत आढळते. उलट १५ नोव्हेंबर १९३० रोजी तुरुंगात असलेल्या २९,०५४ सत्याग्रही कैद्यांत स्त्रिया अवघ्या ३५९ होत्या. पहिला आकडा अटकेचा आणि दुसरा एका दिवसाच्या हजेरीचा असल्याने त्यांची सरळ तुलना करता येत नाही. शिवाय स्त्रियांना पकडून काही तासांनी सोडणे किंवा गाडीत घालून गावाबाहेर दूर नेऊन सोडणे हे प्रकारही होत, आणि त्यांची नोंद तुरुंगाच्या वहीत उमटत नाही. तरीही १७,००० हा आकडा जपूनच वापरावा.

बंगालमधील क्रांतिकारक स्त्रियांची माहिती खटल्यांच्या कागदपत्रांमुळे बरीच नेमकी मिळते : शांती घोष व सुनीती चौधरी यांनी कोमिल्ला येथे जिल्हा दंडाधिकाऱ्यावर (डिसेंबर १९३१) आणि बीना दास यांनी कलकत्त्यात बंगालच्या गव्हर्नरवर (फेब्रुवारी १९३२) गोळ्या झाडल्या, तर प्रीतिलता वड्डेदार यांनी चितगावजवळच्या पहाडतली येथील युरोपियन क्लबवरील हल्ल्याचे नेतृत्व केले (सप्टेंबर १९३२). आझाद हिंद सेनेची राणी झाशी पलटण (१९४३) कॅप्टन लक्ष्मी स्वामीनाथन यांच्या हाताखाली होती. तीत मलायातील मळ्यांवरच्या तमिळ कामगार कुटुंबांतील मुली मोठ्या संख्येने होत्या.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अरुणा असफ अली यांनी ध्वज फडकवला व पुढे त्या भूमिगत झाल्या. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर सुरू झाले. ते जागा बदलत १२ नोव्हेंबरपर्यंत चालले. बंगालमधील तामलुक येथे मातंगिनी हाजरा आणि आसामातील गोहपूर येथे कनकलता बरुआ त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गोळीबारात मारल्या गेल्या.

सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारात, म्हणजे ब्रिटिशांना समांतर चालवलेल्या भूमिगत सरकारात (१९४३–४६), इंदुताई पाटणकर, राजमती बिरनाळे आदींनी काम केले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई यांनी वृद्धापकाळी सांगितलेला एक प्रसंग असा : भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांच्या ‘नवऱ्या’ने त्यांना मारहाण केली, डोक्यात घालायला धोंडाही उचलला. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले, आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या रायफली व काडतुसे लांबवली. मार मात्र खरा बसला होता. हा वृत्तांत मौखिक आहे. पण ज्या कामाचे यश कोणताही कागद मागे न ठेवण्यावर अवलंबून होते, त्याला दुसरा पुरावा असणे कठीण. भूमिगतांसाठी रानात भाकरी पोचवणाऱ्या, चिठ्ठी चोळीत लपवून नेणाऱ्या किंवा फरारी माणसाला ‘माहेरचा पाहुणा’ म्हणून घरात ठेवणाऱ्या बायकांविषयी तर गावोगावच्या आठवणींपलीकडे फारसे साधन नाही. केंद्र सरकारने १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा त्याची मुख्य कसोटी किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास ही होती. स्त्रियांसाठी ती पुढे तीन महिन्यांवर आणली गेली. भाकरी पोचवणे त्या कसोटीत बसत नव्हते.