फुलं वर, शेंगा खाली: जपानी भुईमुगाची पार्श्वभूमी

जपानीत भुईमुगाला ‘राक्कासेइ’ म्हणतात. लिहिताना तीन अक्षरं येतात: पडणं, फूल, जन्म. भुईमुगाचं रान पाहिलेल्या माणसाला या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पिवळं फूल कोमेजतं, त्याच्या बुडातून आऱ्या म्हणजे बारीक दोरे सुटतात, मातीत शिरतात आणि शेंग तिथे धरते.

हे पीक मूळचं दक्षिण अमेरिकेचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते चीनमार्गे जपानला पोहोचलं, म्हणून ‘नानकिन-मामे’, म्हणजे चीनच्या नानकिंग शहराचं कडधान्य, हे त्याचं दुसरं नाव. पण शेतकऱ्यांनी ते लगेच उचललं नाही. खरी लागवड सुरू झाली मेइजी काळात. १८७१ मध्ये टोकियोशेजारच्या कानागावा प्रांतातल्या केइजिरो वातानाबे या शेतकऱ्याला योकोहामाच्या नातेवाइकाकडून बी मिळालं, असं सांगतात. झाडं वाढली, फुलली, पण फळ कुठेच दिसेना. वैतागून त्याने झाडाला लाथ मारली, तर मुळाशी शेंगांचा घोस! १८७४ मध्ये सरकारने अमेरिकेतून बियाणं मागवून वाटलं आणि १८७६ मध्ये मानएमोन माकिनो यांनी कानागावाचं बी टोकियोच्या पूर्वेकडच्या चिबा प्रांतात नेलं.

चिबात मात्र हे पीक कायमचं रुजलं. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, हलकी आणि भुसभुशीत. पाणी साचत नाही, आऱ्या सहज आत जातात, उपटताना शेंगा तुटत नाहीत. आज जपानच्या भुईमुगातला सुमारे ८० टक्के एकट्या चिबाचा, आणि त्यात याचिमाता गावाचं नाव पहिलं. तिथल्या सर्वांत नावाजलेल्या वाणाचं नाव ‘चिबा-हानदाची’. ‘हानदाची’ म्हणजे अर्धं उभं. आपला शेतकरी त्याला निमपसरी म्हणेल.

मला सगळ्यात भावते ती वाळवणाची पद्धत. काढणीनंतर वेल उलटे करून, शेंगा वर ठेवून, आठवडाभर रानातच पडू देतात. मग शेंगा आतल्या बाजूला घेऊन त्यांची गोल, माणसाच्या उंचीची गंजी रचतात आणि वर पेंढा किंवा ताडपत्री टाकतात. या गंजीला ‘बोच्ची’ म्हणतात. महिनाभर, कधी त्याहूनही जास्त, वाऱ्यावर सावकाश वाळल्याने दाण्यात गोडी उतरते. यंत्राने हे काम लवकर उरकतं, तरी बोच्ची टिकून आहे. जपान खातो त्या शेंगदाण्यांपैकी जेमतेम दहावा हिस्सा देशात पिकतो. बाकीचा आयात होतो, मुख्यतः चीनमधून. भावात टक्कर देता येत नाही, तेव्हा चिबाच्या शेतकऱ्याने चवीची बाजू धरली. मला ते योग्यच वाटतं.

चिबात ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडतात आणि भाजलेले दाणे गोड मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या गोळ्यात) घोळवून भाताबरोबर खातात. दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर भिजवलेले कच्चे दाणे वाटून, गाळून, त्या दुधात रताळ्याचा स्टार्च घालून ते घोटतात. हात थांबला की गुठळी झालीच. गार झाल्यावर जी मऊ, चिवट वडी तयार होते ती ‘जिमामी तोफू’. जिमामी म्हणजे भुईतलं कडधान्य. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच नाव ठेवलं.

फेब्रुवारीतल्या सेत्सुबुन या सणाला जपानी घरांत भाजलेले सोयाबीन फेकून भुतं पळवतात. उत्तरेकडच्या होक्काइदो आणि तोहोकूत मात्र टरफलासकट शेंगा फेकतात. बर्फात पडलेली शेंग सहज दिसते, आतला दाणा स्वच्छ राहतो, आणि मुलं ती वेचून तिथेच फोडून खातात.