शीत प्लाझ्मा आणि विषाणू : ओझोनच्या नळीपासून आजपर्यंत

शीत प्लाझ्माने, म्हणजे विजेने भारलेल्या पण न तापलेल्या वायूने (रक्तातला प्लाझ्मा वेगळा), विषाणू निष्प्रभ करता येतात, हे अनेकांच्या कानावर पहिल्यांदा आलं ते करोनाच्या साथीत. त्यामागची रचना मात्र १८५७ सालची. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी काचेच्या दोन नळ्या एकात एक बसवल्या, मधल्या फटीतून हवा सोडली आणि दोन्ही बाजूंना उच्च व्होल्टेजची प्रत्यावर्ती वीज जोडली. वाटेत काच असल्यामुळे ठिणगीचा प्रवाह वाढत जात नाही. असंख्य बारीक विसर्ग, म्हणजे विजेच्या क्षणिक ठिणग्या, उमटतात आणि लगेच विझतात. त्यांतले इलेक्ट्रॉन दहा हजार अंशांपलीकडे तापतात, पण वायू कोमटच राहतो. सीमेन्स यांना यातून ओझोन हवा होता. १९०६ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहराने पिण्याच्या पाण्यासाठी ओझोन वापरायला सुरुवात केली.

थेट प्लाझ्मानेच निर्जंतुकीकरण करावं, हा विचार बराच उशिरा आला. १९६८ मध्ये मेनाशी या संशोधकांना आर्गॉन प्लाझ्माच्या अशा पद्धतीचं अमेरिकन पेटंट मिळालं. १९९०च्या दशकात रुग्णालयांत हायड्रोजन पेरॉक्साइडची ‘प्लाझ्मा’ यंत्रं आली. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही ती दिसतात. त्यांत जंतू मारण्याचं बरंचसं काम पेरॉक्साइडची वाफच करते आणि प्लाझ्मा मुख्यतः उरलेलं पेरॉक्साइड मोडतो, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणून तर ओली उपकरणं किंवा कागद-कापूस आत गेला, की वाफ शोषली जाते आणि यंत्र मध्येच थांबतं.

ही यंत्रं निर्वातात चालतात. साध्या हवेच्या दाबाला प्लाझ्मा वापरण्याच्या संशोधनाला मुनीर लारूसी यांच्या १९९६च्या शोधनिबंधापासून वेग आला. तरी सुरुवातीची बरीच वर्षं प्रयोग जीवाणूंवरच झाले, आणि त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. जीवाणूंच्या वसाहती एका रात्रीत मोजता येतात. माणसाच्या विषाणूला जिवंत पेशी लागतात, दिवस लागतात, सुरक्षित प्रयोगशाळा लागते. यावर तोडगा निघाला फेजचा, म्हणजे जीवाणूंना होणाऱ्या विषाणूंचा. एमएस२ किंवा लॅम्डा फेज ई. कोलाय या जीवाणूवर वाढतो. जपानमध्ये लॅम्डा फेजवर झालेल्या कामातून दिसलं, की विषाणू निकामी होण्यात मोठा वाटा वरच्या प्रथिन-कवचाच्या नुकसानीचा आहे, आतल्या डीएनएचा नाही. प्लाझ्मातून तयार होणारे हायड्रॉक्सिल, ओझोन, पेरॉक्सिनायट्राइट असे क्रियाशील घटक कवचातल्या सिस्टीन, मेथिओनीन, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांवर तुटून पडतात.

म्हणूनच केवळ पीसीआरवर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीवर, विसंबलं, तर फसगत होते. कवच मोडलेल्या विषाणूचा जीनोम (आतला जनुकीय ऐवज) शाबूत असेल, तर चाचणी ‘पॉझिटिव्ह’च येते. खरा निकाल प्लाक, म्हणजे जिवंत विषाणूने पेशींच्या थरात पाडलेले डाग, मोजूनच लागतो, आणि त्यातही एक मेख आहे: प्लाझ्मा दिलेल्या द्रवात पेरॉक्साइड उरतं, सामू घसरतो आणि चाचणीतल्या पेशीच मरतात. द्रवाला सामू स्थिर ठेवणारं बफर द्यावं, उरलेलं पेरॉक्साइड कॅटॅलेज या विकराने मोडावं आणि फक्त वायू सोडलेला, प्लाझ्मा न पेटवलेला नमुनाही सोबत ठेवावा. नाहीतर नुसत्या सुकण्याने झालेली घटही प्लाझ्माच्या खात्यात जमा होते.

२०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सार्स-कोव्ह-२ या करोनाच्या विषाणूवर प्रयोग झाले. आर्गॉनच्या प्लाझ्मा-झोताने प्लास्टिक, धातू, पुठ्ठा आणि चामडं यांवरचा विषाणू १८० सेकंदांच्या आत निष्प्रभ झाला. हेलियमने मात्र तसा परिणाम साधला नाही. ‘प्लाझ्मा दिला’ एवढंच सांगून भागत नाही, हे यातून कळतं. वायू कोणता, आर्द्रता किती, झोताचं तोंड आणि पृष्ठभाग यांत अंतर किती, यावर सगळं ठरतं. आर्द्रता वाढली, की ओझोन घटतो आणि हायड्रॉक्सिल वाढतं. हवेतल्या विसर्गात शक्ती फार वाढवली, तर ओझोनऐवजी नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होऊ लागतात. थुंकी किंवा रक्ताचा थर असेल, तर क्रियाशील घटक त्या प्रथिनांवरच खर्ची पडतात. म्हणून आधी पुसून घ्यावं लागतं.

हवेतल्या विषाणूंसाठी मिशिगन विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये काचेचे मणी भरलेल्या प्लाझ्मा-नळीतून एमएस२ फेज मिसळलेली हवा सोडली आणि ९९ टक्क्यांहून जास्त फेज निकामी केले. विषाणू मण्यांवर किती अडकला आणि खरोखर किती मेला, हे त्यांनी वेगवेगळं मोजलं. हवा शुद्ध करणारी यंत्रं विकणारे बहुतेक जण नेमकं हेच सांगत नाहीत. शिवाय अशा यंत्रातून फुफ्फुसांना अपायकारक ओझोन बाहेर पडतो. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांसाठी ओझोनची मर्यादा ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) आहे. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटेवर ओझोन मोडणारा मँगनीज डायऑक्साइडचा उत्प्रेरक किंवा सक्रिय कोळसा बसवावा लागतो, आणि कोळसा झिजत असल्याने तो वेळोवेळी बदलावाही लागतो.