आठ तासांचं इंजेक्शन : एका आकड्याची पार्श्वभूमी

वडोदऱ्यात संक्रांतीला आम्ही मराठी माणसंही उत्तरायणच म्हणतो. १४ जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला दांडिया बाजार, रावपुरा इथल्या गच्च्या भरून जातात. नजर वर पतंगावर, पाय मागे मागे. कुणीतरी कठड्यावरून खाली जातं. काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतला एक मुलगा असाच पडला. पाय हलेनात. हॉस्पिटलात त्याचे काका भेटेल त्याला एकच विचारत होते, “आठ तासांच्या आत द्यायचं ते इंजेक्शन दिलं ना?” हा आठचा आकडा कुठून आला, ते नीट सांगायला हवं.

मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा दोर; तो दुखावला की हातपाय लुळे पडतात. या दुखापतीपुढे वैद्यकाने फार पूर्वीच हात टेकले होते. इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांहून जुन्या एका पपायरसात, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या लेखात, मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाचं वर्णन आहे, आणि निर्णय असा की यावर उपचार करायचे नाहीत. वेगळी दिशा दिसली ती १९११ मध्ये. अमेरिकेत आल्फ्रेड ॲलन यांनी कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून वजन टाकलं, मग रज्जूला चीर देऊन आत साचलेलं रक्त काढलं. ते कुत्रे जास्त सावरले. म्हणजे सगळी हानी त्या एका आघातात होत नाही, बरीचशी मागाहून होते. या इतिहासात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. मागाहून काय होतं, तेही पुढे उलगडलं : सूज येते, रक्तपुरवठा आटतो, ग्लुटामेट हे मज्जापेशींमधलं निरोप नेणारं रसायन भरमसाट पाझरतं, पेशींत कॅल्शियम घुसतं, त्यांच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं नासतात. आघात क्षणाचा, पडझड कित्येक दिवसांची. ती औषधाने थोपवता येईल, ही आशा इथूनच आली.

मेथिलप्रेडनिसोलोन हे सूज कमी करणारं स्टेरॉइड त्या आशेचं मोठं नाव. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या चाचणीत जास्त आणि कमी मात्रेत फरक दिसला नाही. १९९० मध्ये मायकेल ब्रॅकन आणि सहकाऱ्यांनी दुसरी चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण ४८७. मात्रा प्रचंड : वजनाच्या दर किलोला आधी ३० मिलीग्रॅम, नंतर २३ तास दर तासाला ५.४ मिलीग्रॅम. ६० किलोच्या माणसाच्या अंगात दिवसभरात नऊ ग्रॅमहून जास्त औषध! सगळे रुग्ण एकत्र धरले तर लाभ दिसत नव्हता. दुखापतीनंतर आठ तासांच्या आत औषध मिळालेल्यांत थोडा दिसला. आठ आला तो इथून. बातमी जगभर पोहोचली आणि औषध जवळपास नियमच होऊन बसलं.

आक्षेपही लगेच आले. एका उपगटातला लहानसा लाभ, त्यावर सगळा डोलारा कसा उभारायचा? १९९७ च्या तिसऱ्या चाचणीत ४८ तास औषध घेतलेल्यांना गंभीर न्यूमोनिया आणि रक्तातला जंतुसंसर्ग जास्त झाला. २००४ मध्ये डोक्याला मार लागलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत तर स्टेरॉइड दिलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. दुखापत वेगळी, पण डॉक्टर सावध झाले. २०१३ मध्ये अमेरिकी न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शक सूचनांनी हे औषध देऊ नये असं म्हटलं. २०१७ च्या दुसऱ्या एका सूचनावलीने आठ तासांच्या आत, २४ तासांपुरता पर्याय म्हणून ते ठेवलं. त्यामुळे आज एक डॉक्टर देतो, दुसरा देत नाही, आणि दोघांपैकी कुणालाही निष्काळजी म्हणता येत नाही.

बाकी औषधांची कथा थोडक्यात संपते. जीएम-१ गँग्लिओसाइड १९९१ च्या छोट्या चाचणीत चमकलं, मोठ्या चाचणीत फिकं पडलं. रिलुझोलही मुख्य कसोटीवर उतरलं नाही.

टिकलं ते औषधाबाहेरचं. रक्तदाब पडू न देणं. मज्जारज्जूवरचा दाब शक्यतो २४ तासांच्या आत शस्त्रक्रियेने काढणं. आणि त्याही आधी, मान-पाठ वाकू न देता माणसाला उचलणं. आमच्या वाडीतल्या त्या मुलाला चौघांनी खांद्या-पायांना धरून उचललं आणि रिक्षात बसवलं होतं. मीही त्या चौघांत होतो. आता उत्तरायणाच्या आदल्या दिवशी मी वाडीतल्या पोरांना सांगतो : कुणी पडलं तर हलवू नका, मान धरून ठेवा, १०८ ला फोन करा.