घोड्याची उरलेली औषधं पुण्यात कुठे जमा करायची: कोणाला परवाना, कोणती कागदपत्रं

घोड्याचं औषध उरतं ते बहुधा वजनाच्या फरकामुळे. आयव्हरमेक्टिन या जंतनाशक पेस्टची नेहमीची सिरिंज साडेपाचशे-सहाशे किलोच्या घोड्यासाठी भरलेली असते. तीनशे किलोच्या तट्टाला निम्मी पुरते. उरलेल्या अर्ध्या सिरिंजेत ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त औषध असतं. तबेल्यातल्या वीस किलोच्या कुत्र्याने ती चाटली तर विषबाधा होऊ शकते.

एक-दोन घोडे पाळणाऱ्या मालकाला किंवा वरातीच्या घोडेवाल्याला औषध जमा करायला परवाना लागत नाही, अर्जही नाही. उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडेच ते न्यायचं. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ जनावरांच्या दवाखान्यांनाही लागू आहेत. टाकून द्यायची औषधं तिथे पिवळ्या पिशवीत जातात आणि सामायिक प्रक्रिया केंद्राची, म्हणजे अनेक दवाखान्यांच्या कचऱ्याची एकत्र विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राची, गाडी ती उचलते. बाहेरचं औषध घ्यायची दवाखान्यावर सक्ती नाही, म्हणून आधी फोन करा. गाडीचा वार विचारून त्याच्या आदल्या दिवशी गेलात तर सहसा नकार मिळत नाही.

सोबत न्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, बिल आणि एका कागदावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक, मुदत, उरलेलं प्रमाण. मालकाला हे सक्तीचं नाही, पण दवाखान्याला नोंद ठेवावी लागते. गोळ्या पाकिटातून काढून एकत्र केल्या की काय आहे तेच कळत नाही, आणि बहुतेक वेळा काम तिथेच अडतं. सुया मात्र वेगळ्या, जाड, झाकण असलेल्या डब्यात. सुईला टोपण परत बसवायला जाऊ नका, बोटाला टोचते ती तेव्हाच.

तबेला किंवा रायडिंग क्लब स्वतःचा दवाखाना चालवत असेल तर जबाबदारी त्याची. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नमुना २ मध्ये ऑनलाइन अर्ज करून प्राधिकारपत्र, म्हणजे हा कचरा हाताळायची परवानगी, घ्यावं लागतं. त्याला सामायिक केंद्राशी केलेला करार जोडायचा. तो नसला की अर्ज रखडतो. ७५ किलोमीटरच्या आत असं केंद्र असताना आवारात कचरा जाळायची स्वतःची भट्टी लावता येत नाही, आणि पुण्यात ते आहेच. पुढे दरवर्षी ३० जूनपर्यंत नमुना ४ मध्ये वार्षिक अहवाल द्यायचा आणि नोंदी ५ वर्षं जपायच्या.

केटामाइन हे भुलीचं औषध अनुसूची एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, येतं. ते तबेल्यात मालकाच्या ताब्यात राहताच कामा नये. कुपी उरली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत द्या आणि लेखी पोच घ्या.

उरलेलं औषध दुसऱ्या घोडेवाल्याला विकणं म्हणजे विनापरवाना औषधविक्री, आणि तो गुन्हा आहे. मोरीत ओतलेलं आयव्हरमेक्टिन मुळा-मुठेतल्या जलचरांना फार कमी प्रमाणातही मारतं. कोणताच दवाखाना घेत नसेल तर औषध मूळ पाकिटासह कागदात गुंडाळा, वर 'टाकाऊ औषधं' असं ठळक लिहा आणि कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात सांगून, वेगळं द्या.