ताप की तापावरची गोळी?

पावसाळा सरत आला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "पांढऱ्या पेशी कमी झाल्यात." म्हणायचं असतं प्लेटलेट्सबद्दल, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशींबद्दल; पांढऱ्या पेशी वेगळ्या. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. त्या फारच खाली गेल्या की पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. वाटतं डास चावले. पण ते खाजत नाहीत आणि बोटानं दाबले तरी फिके पडत नाहीत.

1735 साली हॅनोव्हरच्या पॉल वेर्लहॉफ या डॉक्टरांनी अशा एका तरुणीची नोंद केली. मुलगी धट्टीकट्टी आणि उघड कारण काही नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. तेव्हा प्लेटलेट हा प्रकार कुणाला माहीतच नव्हता. रक्त गोठण्यातलं तिचं काम इटलीच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी 1882 मध्ये दाखवलं.

औषधाकडे बोट मात्र त्याआधीच दाखवलं गेलं होतं. 1865 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात विपन यांनी क्विनीन घेतल्यावर अंगावर उठणाऱ्या रक्ताळ डागांबद्दल लिहिलं. इथेच खरी अडचण होती. क्विनीन घेतलं जाई हिवतापावर, आणि हिवतापात प्लेटलेट्स तशाही उतरतात. ताप आणि गोळी हातात हात घालून येणार, मग दोष कुणाच्या माथी मारायचा? आजही वॉर्डात हाच प्रश्न पडतो.

गुंता सुटला तो झोपेच्या एका औषधामुळे. सेडॉर्मिड घेणाऱ्यांना ताप नसायचा, तरी डाग उठायचे. 1940 च्या दशकात लंडनच्या अॅक्रॉइड यांनी अशा रुग्णांचं रक्त नळीत घेऊन त्यात हे औषध मिसळलं. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून फुटल्या. औषध नसलेल्या नळीत तसं झालं नाही. प्रतिपिंडं, म्हणजे शरीर परक्या गोष्टींविरुद्ध बनवतं ती प्रथिनं, रक्तात होती, पण औषध समोर आलं तरच ती प्लेटलेटवर तुटून पडत होती. मला या सगळ्या इतिहासात हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

त्यानंतर अमेरिकेतल्या सेंट लुइसचे डॉक्टर विल्यम हॅरिंग्टन यांनी औषधाविनाच प्लेटलेट्स घटलेल्या एका रुग्ण बाईचं रक्त स्वतःलाच टोचून घेतलं. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट्स कोसळल्या, त्यांना आकडी आली. सावरायला काही दिवस लागले. औषध नसतानाही शरीर आपल्याच प्लेटलेट्सवर उलटतं, हे त्यातून उघड झालं.

शरीर असं उलटतं कशामुळे, याचा शोध जंतुसंसर्गापर्यंत पोचला. लहान मुलांत सर्दी-ताप बरा झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी ठिपके उठतात. बहुतेक मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात. 1980 च्या दशकात एचआयव्हीचा संबंध दिसला, पुढे हिपॅटायटिस सी चा. 1998 मध्ये इटलीच्या गास्बारिनी यांनी पोटातल्या हेलिकोबॅक्टर या जिवाणूवर उपचार करताच काही रुग्णांच्या प्लेटलेट्स वाढल्याचं नोंदवलं.

डेंग्यूची गोष्ट निराळी. त्यात अस्थिमज्जेतली निर्मिती मंदावते, रक्तातल्या प्लेटलेट्सही नष्ट होतात, पण आजार ओसरला की आकडा बहुधा आपोआप चढतो. अशा वेळी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेणं धोक्याचं, कारण उरलेल्या प्लेटलेट्सचं कामही ती गोळी अडवते.

प्लेटलेट्स पाडणाऱ्या औषधांच्या यादीत आज क्विनीनच्या जोडीला क्षयावरचं रिफाम्पिसिन, जंतुसंसर्गावरचं कोट्रायमोक्साझोल आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते हेपॅरिन आहे. रिफाम्पिसिन मध्येच सोडून पुन्हा सुरू केलं की धोका वाढतो, आणि आपल्याकडे गोळ्या मध्येच सोडणारे कमी नाहीत. हेपॅरिनचं तर उलटंच: प्लेटलेट्स कमी होतात आणि गुठळ्या होतात. नवीन औषधानं प्लेटलेट्स पडायच्या तर बहुधा पाच ते दहा दिवसांत पडतात आणि ते बंद केलं की आठवडाभरात सावरतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना गेल्या महिनाभरातली गोळ्यांची पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून न्यावीत. दोषी औषध सापडलं तर त्याचं नाव फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवावं, कारण क्विनीनसारख्या औषधाची ही खुन्नस रक्त वर्षानुवर्षं विसरत नाही.