मण्यात बसवलेलं एन्झाइम

पावसाळा सरला की गोव्यात हणजूणच्या खडकांवर सार्गासम नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ दाटतं, हवेच्या बारीक फुग्यांनी भरलेलं. अशाच तपकिरी शेवाळांतून सोडियम अल्जिनेटची पूड काढतात. आइस्क्रीमला दाटपणा आणणारी ती हीच. फोंड्याच्या आमच्या शाळेत आम्ही बाजारातून ही पूड आणली आणि तिच्यात यीस्ट कोंडलं.

पाण्यात २ टक्के अल्जिनेट घातलं की खळीसारखं दाट होतं. त्यात यीस्ट ढवळलं आणि सुई काढलेल्या सिरिंजमधून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडलं. पडताक्षणी थेंबाचा मणी होतो. "टीचर, साबुदाणा!" सातवीतली एक मुलगी ओरडली. सोडियमची जागा कॅल्शियम घेतं आणि अल्जिनेटच्या लांब साखळ्या एकमेकींना धरून बसतात, एवढंच घडतं. हेच मणी मिठाच्या पाण्यात टाकले तर सोडियम परत शिरतं आणि ते फुगून मऊ पडतात.

मणी नळीत भरून वरून साखरेचं पाणी सोडलं. खाली आलेल्या पाण्यात लघवीतली साखर तपासायची पट्टी बुडवली, तर रंग बदलला. मूळ साखरेच्या पाण्यात ती जशीच्या तशी राहिली होती. यीस्टमधलं इन्व्हर्टेज हे एन्झाइम (रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ) साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं, आणि पट्टी फक्त ग्लुकोजच ओळखते. मला सर्वांत आवडलं ते हे की त्या पट्टीच्या कागदातही ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम वाळवून बसवलेलं असतं.

एन्झाइम म्हणजे ठरावीक घडी पडलेलं प्रथिन. उष्णतेने घडी मोडली की काम थांबलं. साडीच्या निऱ्या एकाच पिनेवर सुटतात, चार ठिकाणी टाचल्या तर दिवसभर टिकतात. घन आधाराला एन्झाइम अनेक जागी जोडलं तर तेही तसंच सावरलं जातं.

अल्जिनेट मात्र नुसतं कोंडतं, टाचत नाही. यीस्टची पेशी मोठी म्हणून आत राहते. सुटं एन्झाइम हळूहळू झिरपून जातं. पक्कं जोडायचं तर कायटोसान घेतात, सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, सालींतून निघणारं, आणि ग्लुटारल्डिहाइड या रसायनाने सांधतात. पण सांधा नेमका एन्झाइमच्या कामाच्या जागी पडला तर ते निकामी होतं. सांधा कुठे पडावा, यातच खरं कसब आहे, असं मला वाटतं.

कोळशाला चिकटलेलं इन्व्हर्टेज साखर फोडतच राहतं, हे नेल्सन आणि ग्रिफिन यांनी १९१६ मध्ये दाखवलं. कारखान्यात ही युक्ती आणली जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीने, १९६९ मध्ये, अमिनो आम्लं वेगळी करायला. आज अमॉक्सिसिलिनसारख्या प्रतिजैविकांचा गाभा पेनिसिलिनपासून सोडवतात तो अशाच बसवलेल्या एन्झाइमने. मोकळं एन्झाइम एका खेपेत वाया जातं. बसवलेलं गाळून घेता येतं आणि पुन्हा वापरता येतं.

आमचे मणी धुऊन फ्रीजमध्ये ठेवले होते. आठवड्याने मुलांनी पुन्हा साखरेचं पाणी ओतलं, आणि पट्टीचा रंग बदलला.